सून ड्युटीवर हाय

आबा, काल सकाळी नऊ वाजता मी कामाच्या खोलीत गेले, संगणक सुरू केला आणि साडेदहापर्यंत नुसती बसून राहिले. पडद्यावर एका घराचा नकाशा उघडा होता. त्यात एक रेघसुद्धा ओढली नाही. तुम्ही असता तर बाहेर बसून तुम्हाला ते कळलं असतं. माउसची टिकटिक थांबली की तुम्ही ओसरीवर खोकायचात. पण विचारायचात मात्र अकराला मी बाहेर आल्यावरच, "काय गं, गाडी बंद पडली हुती काय?"

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. भेटायला येणारी माणसं तुमच्या नोकरीचं बोलतात. इंदापूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही किती वर्षं कंट्रोलर होता, भोंग्यातून तुमचा आवाज कसा यायचा, तुमच्या तोंडून गाडीची वेळ ऐकली की लोक घड्याळ कसं लावून घ्यायचे. त्या आठवणी त्यांच्या आहेत, त्यांनी सांगाव्यात. मला सासरा म्हणून मिळालेल्या माणसाशी बोलायचंय. आणि जे बोलायचंय ते घरात कुणासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

सहा वर्षांपूर्वी मी बारामतीची नोकरी सोडली तेव्हा सगळ्यात नाराज तुम्ही होता. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढत होते. आर्या तेव्हा वर्षाची होती. सणसरहून रोज जाऊन-येऊन तिला दिवसा चेहरा दाखवणं होत नव्हतं. घरी बसून हेच काम स्वतःचं म्हणून करीन, असं मी सांगितलं. तुमचा महेश लगेच हो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "नोकरीत एक बरं असतं. कवा यायचं, कवा जायचं, दुसरा सांगतो. तुला कोण सांगणार?"

मला राग आला होता. कुणी सांगायलाच नको म्हणून तर मी नोकरी सोडत होते.

पहिलं वर्ष कसं गेलं ते तुम्ही पाहिलंत. खताची पोती ठेवायच्या खोलीतून पोती हलवली, महेशनं टेबल टाकून दिलं. मला वाटलं, आता सगळा वेळ माझा. झालं उलटंच. ऑफिसात एकच साहेब होता. घरी आल्यावर ज्याच्याकडं माझा नंबर तो माझा साहेब झाला. इंदापूरचा एक ठेकेदार सकाळी साडेसातला फोन करायचा, तेव्हा माझी भाकरी तव्यावर असायची. शेजारचे मारुतीतात्या गोठ्याची लांबी-रुंदी विचारायला थेट खोलीत शिरायचे आणि मग पाऊण तास उसाला पाणी कुणी आधी घेतलं ते सांगत बसायचे. आत्या दाराशी येऊन म्हणायच्या, "घरीच हायेस तर एवढं दळण टाकून ये की." (लोकांना नवल वाटतं, पण आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.) आणि खरंच, घरीच होते मी. नाही कसं म्हणणार? ज्याला त्याला हो म्हणत मी एका वेळी सात घरं काढायला घेतली होती, आणि सातातलं एकही पुरं होत नव्हतं. दिवसभर काय केलं असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पाठ मात्र मोडून यायची.

आणि मग ते पळसदेवचं जोडपं आलं. तुम्हाला आठवतंच. उजनीच्या पाण्यात मासे धरणारी नवरा-बायको. थोरल्यांचं घर धरणात गेलं तेव्हापासून पत्र्याच्या शेडात राहिलेली. त्यांना दोन खोल्या हव्या होत्या आणि जाळी वाळवायला, ठेवायला मोठी पडवी. मी म्हटलं, सोमवारी या. सोमवारी आले, झालं नव्हतं. गुरुवारी या म्हटलं. गुरुवारीही नव्हतं. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी खोलीतून बाहेर येऊन सांगायला लागले की लाइट नव्हती, आर्याला ताप होता. दोन्ही खरं होतं. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, हुत नसंल तर न्हाय म्हणा. आमी आज तिसऱ्यांदा जाळं टाकायचं सोडून आलोय."

ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तुम्ही ओसरीवर बसून ऐकत होता. उठलात, त्यांना पाणी दिलंत, थांब्यापर्यंत सोडायला गेलात. परत आलात ते माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही माझ्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, उंबऱ्याबाहेरूनच बोलायचात. त्या दिवशी आत आलात.

"सुवर्णा, मी जन्मभर पाशिंजराच्या शिव्या खाल्ल्यात," तुम्ही म्हणालात. "गाडीला उशीर झाला म्हणून माणूस चिडत न्हाय. कवा येणार ते कोण सांगत न्हाय, म्हणून चिडतंय."

"आबा, मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम कोणच करत न्हाय गं. तुझं वडाप झालंय. वडापवाला काय करतो? स्टँडाबाहेर जीप लावतो आन् 'चला चला' म्हणत माणसं भरतो. मांडीवर मांडी बसली तरी आणखी एक. जीप भरल्याबिगर सुटत न्हाय, आन् भरली म्हणून येळंवर पोचंलच असंबी न्हाय. एसटीचं तसं नसतं. दोन माणसं असू देत, येळ झाली की सुटायचं."

मी म्हटलं, "हे घर आहे आबा, डेपो नाही."

"म्हणून तर सांगतोय. डेपोत सांगायला लई माणसं असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आर्याच्या खेळण्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आणलात. त्यावर पट्टीनं रेघा मारलेल्या, तुमच्या त्या ठसठशीत अक्षरात. नऊ ते अकरा, एकच घर, फोन बंद, दार लोटलेलं. अकरा ते साडेअकरा, चौकशी खिडकी, म्हणजे सगळे फोन तेव्हा. दुपारी किरकोळ कामं, दुरुस्त्या. गुरुवारी इंदापूर. आणि मधे मधे रिकामे चौकोन. मी विचारलं, इथं काय लिहायचं? तुम्ही म्हणालात, "तितं काय न्हाय लिव्हायचं. आलेली गाडी लगेच परत न्हाय काढता येत. डायव्हर चहा पिणार, टायर बघणार. ती मोकळी जागा ठिवली न्हाय तर सकाळचा उशीर संध्याकाळपातूर फिरत ऱ्हातो."

खरं सांगू? मी तो पुठ्ठा टेबलाच्या खणात टाकला होता. म्हाताऱ्या माणसाला काही उद्योग हवा, असं मनात म्हणाले होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण त्याच दिवशी नऊ वाजता तुम्ही खुर्ची उचलून माझ्या दाराबाहेर टाकलीत आणि पेपर उघडून बसलात. सव्वानऊला मारुतीतात्या आले. मला आतून ऐकू आलं.

"सून ड्युटीवर हाय. अकराला या."

"अवं आबा, दोनच मिनिटं..."

"कंट्रोलच्या केबिनमधी कधी आलावता का तुमी दोन मिनिटं? अकराला या."

मी तोंडावर पदर धरून हसले. आणि दोन तासांत पळसदेवचं घर पुरं केलं. एका बैठकीत पुरं केलेलं ते माझं पहिलं काम.

मग ते रोजचंच झालं. तुम्ही सरपंचांना परत पाठवलंत. स्वतःच्या बहिणीला, फलटणहून आलेल्या, चहा देऊन ओसरीवर बसवून ठेवलंत. गावात पोरं एकमेकांना म्हणायला लागली, "आबांची सून ड्युटीवर हाय." सुरुवातीला चेष्टा होती. पण गंमत अशी की तोवर माझ्या कामाला कुणी काम म्हणतच नव्हतं. संगणकावर काहीतरी करते, असं म्हणायचे. तुम्ही ड्युटी म्हणालात आणि ती ड्युटी झाली. याचे आभार मानायचे राहून गेले, आबा. घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मीही ते टाळत आले.

आत्यांचं ते बोलणंही मला आतूनच ऐकू आलं होतं. त्या काहीतरी काम सांगायला आल्या होत्या आणि तुम्ही त्यांनाही तेच वाक्य ऐकवलंत. त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं ड्युटीवर हाय. माझ्यासाठी कोण बसलं खुर्ची टाकून?"

पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. अकराला मी बाहेर आले तर खुर्ची रिकामी. तुम्ही दळणाचा डबा सायकलला बांधून गिरणीवर गेला होता. तिथून पुढं दळण तुमचंच झालं. दुपारी दोन ते चार आत्यांना कुणी हाक मारायची नाही, असं तुम्ही आम्हा सगळ्यांना बजावलंत. चहा लागला तर स्वतः करून प्यायचात, तो इतका गोड असायचा की आत्या झोपेतून उठून म्हणायच्या, साखर संपवली वाटतं. पण त्या झोपायला लागल्या दुपारच्या. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना दुपारी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं.

गुरुवारच्या इंदापूरच्या फेऱ्या मला फार आठवतात. मी कागद घेऊन तहसील कचेरीत जायचे आणि तुम्ही "मी जरा स्टँडवर बसतो" म्हणायचात. एकदा कचेरीतलं काम लवकर झालं आणि मी तुम्हाला शोधत आले. तुम्ही बाकावर बसून एका अनोळखी म्हातारीला अकलूजची गाडी कुठं लागते ते सांगत होता. आवाज एकदम वेगळा, शुद्ध, भोंग्यावरचा. "फलाट क्रमांक चारवर लागेल, आजी." मला हसू आलं. घरी 'हाय-न्हाय' बोलणारा माणूस स्टँडवर पाऊल ठेवलं की पुस्तकातलं बोलायला लागायचा.

त्याच दिवशी तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. हायवेवर ट्रक उलटला होता, दोन्ही बाजूंनी रस्ता बंद, एकही गाडी येत नव्हती. स्टँड माणसांनी भरलं. बायका, पोरं, कुणी पेशंट. तुम्हालाही काही माहिती नव्हती. तरी तुम्ही दर दहा मिनिटांनी भोंगा चालू करून सांगत राहिलात की रस्ता अजून बंद आहे, गाडी कधी येईल ते अजून कळलेलं नाही. साहेब म्हणाले, अहो काही कळलंच नाही तर सांगताय कशाला? "मी म्हटलं, साहेब, काय कळलं न्हाय हे तरी त्यांना कळू दे." त्या दिवशी स्टँडवर एकही भांडण झालं नाही, असं तुम्ही सांगितलंत आणि खिशातून शेंगदाणे काढून मला दिलेत.

तेव्हापासून मी लोकांना आधीच कळवायला लागले. शनिवारी होणार नाही, मंगळवारी होईल. फोन करून, त्यांनी विचारायच्या आत. कुणी ओरडलं नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की उशीर सांगितला तर काम जाईल.

पळसदेवच्या वास्तुशांतीला तुम्ही माझ्याबरोबर आलात. उन्हाळा होता, पाणी खूप उतरलं होतं, जुनं देऊळ वर आलेलं. ती बाई आपल्याला पडवीत घेऊन गेली, खुंट्यांना टांगलेली जाळी दाखवली. म्हणाली, "ताईंनी खुंट्याबी कागदावर काढल्या हुत्या." तुम्ही एक एक खुंटी हात लावून पाहिलीत. घरी आल्यावर आत्यांना सांगितलंत, "आपल्या सुवर्णाचं घर बघून आलो." आपल्या सुवर्णाचं घर. मी मागं उभी होते, तुम्हाला ठाऊक नव्हतं.

आता त्या भांडणाकडं यायला हवं.

या वर्षी बारामतीच्या एका ठेकेदारानं मला एकदम बारा घरांचं काम दिलं, एका ओळीतली बारा घरं. एवढं मोठं काम माझ्याकडं कधी आलं नव्हतं. मी हो म्हणाले, आणि हातातली बाकी कामंही सोडली नाहीत. रिकाम्या चौकोनांत कामं भरली. अकराची चौकशी खिडकी साडेबारापर्यंत चालायला लागली. तुम्ही दोन-तीनदा म्हणालात, "जादा गाडी सोडायची तर आधी डायव्हर हाय का बघावं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्या रविवारी मी सकाळीच कामाला बसले होते, सुट्टी असून. तुम्ही दार ढकलून आत आलात. हातात पेरूच्या फोडी, मीठ-तिखट लावलेल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "आज तरी आर्यासंगं बस की थोडी." आणि मी फुटले.

"आबा, तुम्ही नोकरी केलीत. पहिली तारीख आली की पगार. स्वतःचं काम करणाऱ्याला नाही म्हणणं जमत नाही. आज नाही म्हटलं तर उद्या तो दुसऱ्याकडं जातो. तुमची वेळापत्रकं तिथं चालतात." आणि वर म्हणाले, "मला या वेळेत कुणीही हाक मारायची नाही. तुम्हीसुद्धा."

तुम्ही बशी टेबलाच्या कडेला ठेवलीत. "बरं," म्हणालात, आणि दार हळू लोटून घेतलंत.

माझं म्हणणं अगदीच चूक होतं, असं मला आजही वाटत नाही, आबा. नोकरीतल्या माणसाला ती धास्ती कळत नाही. काम बंद होईल ही धास्ती, कायम पोटात असलेली. यावर तुमच्याशी नीट बोलायचं होतं. तुम्ही काहीतरी उत्तर दिलं असतं, मी चिडले असते, मग चार दिवसांनी गुपचूप तसं वागले असते. आपलं असंच चालायचं. पण मी 'तुम्हीसुद्धा' म्हणाले आणि तिथंच ते राहिलं.

चार दिवसांनी, गुरुवारी, मी इंदापूरला गेले नाही. घरीच बसले, जिना काढत होते. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग तुमचा खोकला. नेहमीसारखाच वाटला. थोड्या वेळानं पुन्हा खुर्ची करकरली. मी मान वर केली नाही. अकरा वाजता दार उघडलं तर तुम्ही खुर्चीत होता, शर्टाची बटणं उघडी, कपाळावरून घाम गळत होता. डावा हात मांडीवर निपचित पडलेला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि विचारलंत, "अकरा झालं का?"

बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत महेशनं गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. मागच्या सीटवर तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तुमच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, एवढं आठवतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही थोडे सावरलात. मला आत सोडलं. मी ठरवून गेले होते की काही विचारायचं नाही, आणि पहिलं तेच विचारलं.

"आबा, हाक का नाही मारलीत?"

"जळजळतंय वाटलं."

"तरी मारायची."

तुम्ही छताकडं पाहत म्हणालात, "तू जिना काढत हुतीस. सकाळी म्हणाली हुतीस न्हवं. जिना चुकला की माणूस रोज ठेचाळतं."

मग तुम्हीच विचारलंत, "बारा घरांचं काय केलंस?"

"फोन केला. दोन महिने जास्त मागितले."

"त्यानं विचारायच्या आधी?"

"हो."

"मग बास," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. सिस्टर मला बाहेर जा म्हणाल्या. मला सांगायचं होतं की रविवारचं ते बोलणं मी मागं घेतलंय. वाटलं, उद्या सांगू, घरी आल्यावर सांगू. सहाव्या दिवशी पहाटे महेशचा फोन आला.

मी डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, एक तास आधी आणलं असतं तर? ते चांगले होते, खोटं बोलले नाहीत. "लवकर आणलेलं केव्हाही बरं," ते म्हणाले. "पण वाचलेच असते, असं मी सांगू शकत नाही. आणि नसते वाचले, असंही नाही." ते वाक्य घेऊन मी सतरा दिवस घरात फिरले. स्वयंपाक केला, पाहुण्यांना चहा दिला, आणि प्रत्येकाच्या तोंडाकडं पाहत राहिले की याला ठाऊक आहे का, मी सासऱ्याला काय म्हणाले होते ते.

काल साडेदहाला खोलीचं दार उघडलं आणि आत्या आत आल्या. त्या या खोलीत कधी बसत नाहीत. काल टेबलाजवळच्या स्टुलावर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी साडेनऊलाच त्यांनी मला सांगितलं हुतं. छातीत कसंतरी हुतंय म्हणाले. मी म्हटलं, रातची वांग्याची भाजी बाधली. ओवा दिला चावायला, आन् मी शेतावर निघून गेले. शेंगा तोडायच्या हुत्या."

मी माउसवरचा हात काढला आणि खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

"मला वाटलं, तू विचारशील मला. तू विचारलं न्हाईस. मग मी बी गप बसले. महेशला सांगायची हिंमत हुईना."

मग मी बोलले. रविवारचं सगळं, पेरूच्या फोडींसकट. 'तुम्हीसुद्धा' हा शब्दही. त्या म्हणाल्या, "ऐकलं हुतं मी ते. चुलीपातूर आवाज आला हुता तुझा."

"मग इतके दिवस काही बोलला नाहीत?"

"मी कुठल्या तोंडानं बोलू? मी ओवा देऊन गेलेली बाई."

आबा, सतरा दिवस आम्ही दोघी एकमेकींना टाळत होतो. मला वाटत होतं की त्या माझ्यावर रागावल्यात, आणि त्यांना वाटत होतं मी त्यांच्यावर. मी खाली बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. त्या माझ्या केसांतून हात फिरवत रडल्या, मीही रडले. तुम्ही गेल्यावर बायकांच्या घोळक्यात रडलो होतो, ते वेगळं. अकरा वाजून गेले, फोन वाजत राहिला. कुणी उठलं नाही.

बऱ्याच वेळानं आत्यांनी डोळे पुसले आणि पडद्याकडं पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"हे काय हाय?"

"बारा घरांतलं एक घर. हे वरून पाहिल्यासारखं काढलंय. ही बाहेरची खोली, हे स्वयंपाकघर."

"आन् हे?"

"ओटा."

"ही रेघ?"

"खिडकी."

त्या पुढं वाकल्या. बोट पडद्याला टेकवून ओट्यापासून खिडकीपर्यंत नेलं, परत आणलं. "खिडकी तिकडं आन् ओटा हिकडं? म्हंजे सैपाक करताना बाई भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हाणार?"

"नळाची लाइन त्या भिंतीतून जाते, आत्या."

"लाइन फिरवता येत न्हाय व्हय? सकाळ-संध्याकाळ तितंच उभं ऱ्हायचंय तिला. मी जन्मभर भिंत बघितली. काळी पडलेली."

मी ठेकेदाराला फोन लावला. नळाची लाइन फिरवायची म्हणजे मला तीन दिवस जास्त लागतील, असं सांगितलं. तो कुरकुरला, मग हो म्हणाला. आत्या उठल्या नाहीत. नळाची लाइन पुढच्या तीन दिवसांसाठी ठेवून मी आधी ओटा उचलून खिडकीखाली ठेवला, पुन्हा मापं घेतली, दुसऱ्या घरातला घेतला, मग तिसऱ्यातला. त्या स्टुलावर बसून बघत होत्या. बाराव्या घराला दुपार झाली. आम्ही दोघी जेवलोही नव्हतो.

"आता बघ," आत्या म्हणाल्या, "तिला बाहेरचं दिसंल."